पॉलिसी राहू द्या, आधी तो स्टॅम्प पेपर बाजूला ठेवा

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात फरशी बसवण्याचं काम करतो. वय 39. महिन्याला सरासरी तीस हजार सुटतात. साडेचार महिन्यांपूर्वी कराड-विटा रस्त्यावर चुकीच्या बाजूने आलेल्या कारने माझ्या ओम्नीला समोरून धडक दिली. उजवा गुडघा डॅशबोर्डखाली चेपला. मिरजेत ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसवले. खर्च 2 लाख 40 हजार, त्यातले दीड लाख शेकडा तीनने उचललेत. पोलिसात गुन्हा नोंद आहे. समोरचा गाडीवाला भला माणूस आहे, स्टॅम्प पेपरवर लिहून तीन लाखांत मिटवू म्हणतो. एक लाख आता, दोन लाख उसाचं बिल आल्यावर. बँकेतल्या मॅडम म्हणतात, ते तीन लाख पॉलिसीत एकरकमी टाका, महिना पाच हजार आयुष्यभर येतील. ओम्नीच्या विम्यात 15 लाखांचा अपघात विमा आहे, त्यातूनही चार-पाच लाख मिळतील. घरात बायकोचे चार तोळे सोनं आणि मुलीच्या लग्नासाठीची सत्तर हजारांची आवर्ती ठेव आहे. पॉलिसीच्या फॉर्मचा आणि डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठवतोय. पॉलिसी घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. महिना पाच हजार म्हणजे वर्षाला साठ हजार, तीन लाखांवर वीस टक्के. असा परतावा खात्रीने देणारी योजना देशात कुठल्याही बँकेत नाही. फॉर्मचा फोटो मोठा करून बघा. हप्त्याच्या रकमेशेजारच्या चौकटीत ‘हप्ता भरण्याची मुदत : 7 वर्षे’ असं छापलंय. म्हणजे एकरकमी तीन लाख नव्हेत, दरवर्षी तीन लाख, एकूण 21 लाख. उत्पन्न सुरू होणार नवव्या वर्षी. पाच हजारांचा आकडा त्या कागदावर कुठेच नाही, तो मॅडमच्या तोंडी आहे. त्याच पानावर ‘गेल्या पाच वर्षांत शस्त्रक्रिया झाली आहे का’ यापुढे ‘नाही’वर खूण आहे. तुम्ही काठी घेऊन त्यांच्या टेबलासमोर बसला असाल आणि त्यांनी ‘नाही’ लिहिलं! उद्या घरच्यांवर क्लेम करायची वेळ आली, तर कंपनी पहिल्यांदा हीच खूण पुढे करेल. फॉर्म परत मागा आणि फाडून टाका.

पॉलिसीचं एवढंच. तुमची खरी चूक दुसरीकडे आहे आणि सुदैवाने ती अजून पुरती झालेली नाही.

तीन लाख तुम्ही कशाचे घेताय? दवाखान्याचे 2.40 लाख. साडेचार महिने काम बंद, त्याचे 1.35 लाख. झाले पावणेचार. म्हणजे आजपर्यंतचा खड्डासुद्धा भरत नाही आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या गुडघ्याची किंमत शून्य धरलीय. व्यवहार बरा वाटतोय, कारण मनात फक्त दवाखान्याचं बिल आहे.

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय की नडगीच्या हाडाचा वरचा, सांध्यातला भाग फुटला होता आणि गुडघा सध्या 95 अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीवर बसायला तेवढं पुरतं. उकिडवं बसायला सव्वाशेच्या वर लागतं. फरशीवाल्याचं सगळं काम उकिडवं नाहीतर गुडघे टेकून: माल पसरायचा, फरशी टेकवायची, रबरी हातोडीने ठोकायची, लेव्हल बघायची, स्पेसर घालायचा आणि वीतभर मागे सरकायचं. व्यायामाने आणखी थोडा वाकेल. पण हाड सांध्यातच फुटलं की तिथला पृष्ठभाग पूर्वीसारखा गुळगुळीत होणं अवघड असतं आणि सांधा लवकर झिजू शकतो. पन्नाशीच्या आसपास सांधेरोपण लागलं, तर आजच्या भावाने खाजगीत दोन-अडीच लाख धरा. तीन लाख घेऊन सही केल्यावर ते कोण देणार?

अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली तिथे अर्ज करायचा. अपघात कराडकडचा असला तरी तुम्ही राहता त्या भागात दावा लावता येतो, त्यामुळे साताऱ्याला खेपा घालायची गरज नाही. मुदत मात्र नीट ऐका. 2019 च्या दुरुस्तीतली ही तरतूद 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे: अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहायचं कारण नाही. तुमच्या हातात दीड महिना आहे. दोन लाख कधी येणार? उसाचं बिल आल्यावर. ते आलं नाही आणि मधल्या काळात सहा महिने उलटले, तर काय कराल? गाडीवाल्याने ठरवून हे केलंय असं मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच होतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. ज्याच्या गाडीला चालू विमा आहे, तो स्वतःच्या खिशातून तीन लाख का काढेल? नुकसानभरपाई त्याची विमा कंपनी देते. एकतर विमा संपलेला असेल, नाहीतर चालवणाऱ्याकडे परवाना नसेल. परवाना नसलेल्या प्रकरणात न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावून नंतर मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं. म्हणून मालकाला मिटवण्याची घाई. एमपरिवहन ॲपवर त्याच्या गाडीचा नंबर टाका, विमा कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटांत दिसेल. विमा नसेल तर मालक स्वतः देणं लागतो. वसुली अवघड जाते, तेव्हा तडजोडीचा विचार करता येईल. पण ती अर्ज दाखल करून न्यायाधिकरणासमोर करा. ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर घरी बसून करू नका.

आता ढोबळ हिशोब. महिना तीस हजार म्हणजे वर्षाला 3.60 लाख. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीसाठी 40 टक्के जास्त धरतात: साधारण पाच लाख. वर्षाच्या कमाईला किती पटीने गुणायचं तो गुणक वयावर ठरतो, 36 ते 40 ला 15: पाऊण कोटी. याला कमाईची क्षमता किती टक्के गेली त्याने गुणायचं. वीस टक्के मानली तर 15 लाख, तीस टक्के मानली तर साडेबावीस. दवाखाना, बुडालेली मजुरी, पुढचं ऑपरेशन आणि व्याज वेगळं.

लगेच साडेबावीस लाखांची स्वप्नं बघू नका. तुम्ही विवरणपत्र भरलेलं नाही, कामाचे पैसे बहुतेक रोख घेता. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण तुमचं उत्पन्न मजुरीच्या दराने, समजा पंधरा हजार धरेल आणि वरचे सगळे आकडे निम्मे होतील. तरीही साडेसात ते सव्वाअकरा लाख आणि बाकीचं वेगळं. कज्जा दोन-चार वर्षं चालू शकतो. म्हणून या आठवड्यात कागद गोळा करा: दोन वर्षांचं बँक आणि फोनपेचं स्टेटमेंट, ज्या बिल्डरांकडे काम केलं त्यांची पत्रं, फरशीच्या दुकानदाराच्या वहीतली नोंद. बांधकाम कामगार मंडळात नाव असेल तर 90 दिवसांच्या कामाचा दाखला तुमचा धंदा सिद्ध करायला फार उपयोगी पडतो.

टक्क्यांवरून लोक नेहमी फसतात. अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘उजवा पाय, 25 टक्के अपंगत्व’ आलं की वकीलही कधीकधी तेच 25 पुढे ढकलतो आणि समोरची बाजू म्हणते, एका पायाचे 25 म्हणजे पूर्ण शरीराचे आठ-दहाच. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकतो ते बघायचं. हाच गुडघा कारकुनाचा असता तर पगार तसाच राहिला असता. तुमचं तसं नाही आणि हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या साक्षीतून यायला हवं. दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका, दाखला मागाहून जोडता येतो. उलट बाजूही सांगतो: उद्या माणसं हाताशी धरून ठेकेदारी सुरू केलीत आणि कमाई टिकली, तर नुकसान कमी धरलं जाईल. ती जरूर करा, फक्त लपवू नका.

वकिलाला ‘मिळतील त्यातले इतके टक्के’ असं कबूल करू नका, तशी फी घेणं वकिलांच्या नियमांत बसतही नाही. ठरावीक फी ठरवा आणि भरपाई थेट तुमच्या खात्यात येईल असं बघा.

ओम्नीच्या 15 लाखांचा नाद सोडा. त्या विम्यात मृत्यू, कायमचं संपूर्ण अपंगत्व किंवा हात, पाय, डोळा गमावणं एवढंच बसतं. एक पाय गेला तर निम्मी रक्कम. पाय आहे पण वाकत नाही, याला तिथे रुपया नाही. वीस रुपयांच्या सुरक्षा विमा योजनेतही तीच गत. काम बंद असताना आठवड्याला पैसे देणारा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो तुमच्याकडे नव्हता. बरे झालात की घ्या, धंदा आणि ऑपरेशन दोन्ही खरं लिहून.

तोवर घर कसं चालवायचं? दीड लाखाला शेकडा तीन म्हणजे महिना साडेचार हजार, वर्षाला 54 हजार. वहिनींचे चार तोळे घरात आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यातले दोन-तीन बँकेत तारण ठेवून दीड लाख उचला. दहा टक्के धरले तरी वर्षाला पंधरा हजार व्याज, म्हणजे महिन्याला सव्वातीन हजार वाचले. सोनं मोडायला मी सांगत नाही. मुलीच्या लग्नासाठीची सत्तर हजारांची आवर्ती ठेव मात्र मोडा. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि किराणा या महिन्याचा आहे. त्या सत्तर हजारांतून आधी वकिलाची सुरुवातीची फी आणि फिजिओथेरपीचे पैसे बाजूला काढा. व्यायाम मध्येच सोडलात तर गुडघा आहे तिथेच आखडेल आणि समोरचा वकील विचारेल की उपचार तुम्हीच का थांबवले.