पब वाचवायला सही करू का?

प्रश्न : आम्ही आठ वर्षं दक्षिण लंडनमध्ये राहतो. आमच्या कोपऱ्यावरचा जुना पब एका बिल्डरने घेतलाय. तिथे नऊ फ्लॅट करायचा अर्ज कौन्सिलकडे गेला आहे. शेजारच्या आजीबाई दारोदार सह्या गोळा करताहेत. आम्ही दोघंही पीत नाही. पण पबच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग भरतो, अगदी नाममात्र भाड्यात. नवरा म्हणतो, ‘‘गावाला माझ्या आईने आडव्या बाटलीला मत दिलं आणि तू इथे गुत्ता वाचवायला निघालीस!’’ शिवाय लोकांना घरंही हवीतच. आमचा पासपोर्ट भारतीय आहे. आमच्या सहीला काही किंमत आहे का?
– एक वाचक

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी मत दिलं ते नाक्यावर काय असावं हे ठरवायला, तुमचाही प्रश्न तोच आहे. तेव्हा घरात भांडण नको.

सही जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. लंडनच्याच एका कौन्सिलच्या नियोजन खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एकाच मजकुराखाली चारशे सह्या आल्या की आमच्या अहवालात त्यांची एक ओळ व्हायची. उलट, एका बाईंनी पबच्या हॉलचं सोमवार ते रविवारचं वेळापत्रक हाताने लिहून पाठवलं होतं : बाळंतिणींचा गट, बुद्धिबळ, मयतानंतरचं चहापान. ते पत्र समितीत मोठ्याने वाचलं गेलं. तुम्ही तसंच लिहा. वर्ग किती वर्षं चालतो, किती मुलं येतात, जवळपास दुसरी जागा का परवडत नाही. ‘आमच्या घराची किंमत पडेल’ असलं काही लिहू नका, ते कोणी मोजत नाही. हरकतींसाठी साधारण 21 दिवस मिळतात. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही.

कागद दुसराही आहे. 2011 च्या कायद्याने पबला ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून कौन्सिलच्या यादीत घालता येतं. त्यासाठी स्थानिक मतदारयादीतली 21 माणसं पुरतात. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणारे भारतीय मतदार होऊ शकतात. नाव नोंदवलं नसेल तर आजच नोंदवा. यादीत आल्यावर मालक विकायला निघाला आणि रहिवाशांनी सहा आठवड्यांत ‘आम्हाला घ्यायचंय’ असं कळवलं, तर एकूण सहा महिने विक्री थांबते. पण तो तुम्हालाच विकेल अशी सक्ती नाही. तुमच्याकडे तर विक्री होऊनही गेली, त्यामुळे यादीचा उपयोग आता मुख्यतः वजन वाढवायला. खरी लढाई परवानगीवरच आहे. 2017 पासून इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय पबची घरं करता येत नाहीत, पाडताही येत नाही.

न विचारता पाडलं तर काय होतं, याचं उदाहरण लंडनचाच कार्लटन टॅव्हर्न हा पब. बिल्डरला तिथे फ्लॅट बांधायला वेस्टमिन्स्टर कौन्सिलने नकार दिला होता, वारसा-यादीत घेण्याचं चाललं होतं, आणि एप्रिल 2015 मध्ये त्याने बुलडोझर घातला. कौन्सिलने फर्मावलं, होता तसाच पुन्हा बांध. बिल्डर अपिलात गेला, हरला. एप्रिल 2021 मध्ये तोच पब पुन्हा उघडला! दक्षिण लंडनमधल्या नन्हेडच्या आयव्ही हाउसची गोष्ट तर याहून गोड. बिल्डरला विकलेला तो पब 2013 मध्ये लोकांनीच विकत घेतला, 371 जण भागधारक झाले. अर्थात त्यामागे कर्ज आणि अनुदानही होतं. नुसत्या वर्गणीने हे जमत नाही.

घरांचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावू नका. अर्जात परवडणारी घरं किती आहेत ते बघा, आणि विचारा. आणखी एक, यात मात्र डोळ्यांत तेल घाला. विरोध वाढला की बिल्डर म्हणतो, ‘खाली पब ठेवतो, वर फक्त फ्लॅट.’ सगळे खूश होतात. तुमची रविवारची खोली जाते ती तिथेच. शिवाय वर झोपणारा रहिवासी खालच्या गाण्याबजावण्याची तक्रार करतो आणि दोन वर्षांत पब आपोआप बंद. लंडन प्लॅनमध्ये, म्हणजे महापौरांच्या शहर-आराखड्यात, यावर नेमकं धोरण आहे, क्रमांक एचसी 7. पबचा धंदा धोक्यात येईल अशी जोडजागेची (म्हणजे वरच्या खोलीसारख्या जागेची) मोडतोड कौन्सिलने रोखावी, असं ते सांगतं. तुमच्या पत्रात हा क्रमांक येऊ द्या, अधिकारी ताठ बसतो.

बिल्डरचं ठरलेलं शेवटचं वाक्य म्हणजे ‘पब चालतच नाही’. त्याच धोरणानुसार किमान 24 महिने वाजवी किमतीला पब म्हणूनच तो बाजारात ठेवला होता, याचा पुरावा त्याला द्यावा लागतो. तो मागा. मात्र गल्ला खरोखर रिकामा असेल तर मीही हात टेकले असते. तेव्हा येत्या रविवारी वर्ग सुटला की मुलांना घेऊन खाली बसा, लाइम-सोडा मागवा. नवऱ्यालाही न्या. त्याला सांगा, चिप्स गरम मिळतात.