जुन्या वस्तऱ्याची जाड पाठ, शेपटी, खाचा: शोभेच्या की कामाच्या?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या झोलिंगेनच्या (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) वस्तऱ्याला जाड पाठ, खोलगट पातं, मागे वळलेली शेपटी आणि खाली बारीक खाचा आहेत, त्या कशासाठी? मी कित्येक वर्षं वस्तऱ्यानेच दाढी करतो आणि धारही स्वतःच लावतो. यातलं जवळजवळ सगळं कामाचं आहे.

आधी पाठ बघा, खरी करामत तिची आहे. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, कोन हाताने धरावा लागत नाही. पातं ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ पावणेपाच मिलिमीटर जाड असेल तर धारेचा कोन साधारण १७ अंश येतो. पातं झिजतं तशी पाठही थोडी थोडी झिजते, म्हणून वर्षानुवर्षं हा कोन फारसा बदलत नाही. सुरुवातीला मी पाठ जराशी उचलून घासत होतो. बोटाला धार जाणवायची, पण गालावर केस ओढले जायचे. गावाकडच्या म्हाताऱ्या नाभिक काकांनी पातं उजेडात धरलं आणि विचारलं, "पाठ उचललीस ना?" मग दगडावर पाणी टाकून त्यांनी दाखवलं: धारेपुढचं पाणी पात्यावर चढायला लागलं की धार नीट टेकली म्हणायची. चामडी पट्ट्यावर मात्र उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. परतवायचं ते पाठीवरूनच, नाहीतर पट्टा कापला जातो.

पातं खोलगट केल्यामुळे धारेशी पोलाद पातळच राहतं आणि दगडावर फार घासावं लागत नाही. असं पातं खुंटांवरून फिरताना बारीक आवाज करतं, तो कानाला कळायला लागला की हातही सुधारतो. जाड, पाचरीसारखं पातं गप्प असतं पण लवत नाही. राठ दाढीला मला तेच बरं वाटतं.

शेपटीवर करंगळी टेकते. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना ती आखूड असायची किंवा नसायचीच. खालच्या खाचा साबणाने ओल्या झालेल्या बोटांसाठी. टोक गोल असेल तर नवशिक्याला सोयीचं. चौकोनी टोकाने मिशीची कड सुरेख येते, पण कानाची पाळी सांभाळा. काही वस्तऱ्यांना टोकाशी वरून अर्धगोल खाच असते, तिच्याबद्दल जाणकारांत एकमत नाही. मला ती मुख्यतः शोभेचीच वाटते.

आता तुमच्या वस्तऱ्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना झिजून चपटी झालेली चकचकीत रेघ शोधा. ती टोकापर्यंत सारख्या रुंदीची असेल तर आजोबांनी तो निगुतीने वापरलाय, खुशाल दगडावर ठेवा. एकाच ठिकाणी पसरट असेल तर आधी एखाद्या जाणत्या हाताला दाखवा.