दोन चित्रं अन् जवसाचं तेल

प्रश्न: ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेत शिकवतो. सुट्टीत दिल्लीले गेलो होतो तं नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये राजा रवि वर्माची चांदण्यातली बाई अन् अमृता शेरगिलच्या तीन मुली, अशी दोन ऑइल पेंटिंगं पाहिली. पहिली बाई आता उठून बोलते का काय असं वाटलं, अन् त्या तीन पोरी चपट्या, तोंडं उतरलेली. संगं आलेला मित्र म्हणे दुसरंच चित्र भारी आहे. काहून? तिले नीट काढता येत नव्हतं का? अन् वर्गातल्या पोरांले हे कसं समजावू?

उत्तर: सर नमस्कार. काढता येत नव्हतं का, हे आधी घेते, कारण त्याचं उत्तर त्याच म्युझियममध्ये आहे. शेरगिलचं 'यंग गर्ल्स' म्हणून १९३२ चं चित्र आहे तिथं, पॅरिसला शिकत असताना काढलेलं, दुसऱ्या वर्षी तिथल्या मोठ्या प्रदर्शनात त्याला गोल्ड मेडल मिळालं, त्यात अंगाची गोलाई, कपड्यावर पडलेला उजेड सगळं जिथल्या तिथं आहे. म्हणजे हात पक्का होता. १९३४ संपता संपता ती भारतात आली आणि १९३५ मध्ये तीन मुली काढताना तिनं ते सगळं जाणूनबुजून कमी केलं. बरेच जण म्हणतात अजिंठ्याचा परिणाम, पण अजिंठा तिनं पाहिला १९३६ च्या शेवटाला, म्हणून ते तिच्या १९३७ च्या 'ब्राइड्स टॉयलेट' या चित्राला लागू पडतं, तीन मुलींना नाही.

आता रवि वर्मा. आपला डोळा लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली तयार झालाय हो. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, माझ्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी तीच होती, त्यामुळं बाईचं चित्र म्हणजे असंच असं आपल्या मनात बसलेलं असतं आणि दुसरं काही दिसलं की कच्चं वाटतं. पण त्यांना कमी लेखू नका, चांदण्यातली बाई १८८९ चं चित्र आहे, अन् रात्रीचा उजेड तेलरंगात धरणं फार कठीण काम.

तेलरंगातलं तेल म्हणजे बहुतेक वेळा जवसाचं, आपल्याकडं चटणीला घेतो त्याच जवसाचं. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवा लागून हळूहळू घट्ट होतं, जवसाच्या तेलाच्या बरणीच्या तोंडाशी कसा चिकट थर धरतो तसं. म्हणून रंग बराच वेळ ओला राहतो, एकात एक मिसळता येतो. रवि वर्मांनी या गुणाचा पुरेपूर फायदा घेतला, उजेडातून सावलीत कुठं गेलो ते कळतच नाही. शेरगिलनं त्याच तेलातून रंगाचे सलग पट्टे काढले, मागं नुसती भिंत ठेवली, नजर खाली, त्यामुळं आपल्याला त्या तिघींच्या गप्प बसण्याशिवाय दुसरं पाहायलाच काही राहत नाही.

मला विचाराल तर तीन मुली मला जास्त जवळच्या. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी फाट्यावर गाडीची वाट पाहत बसतात ना, एकमेकींना खेटून, कुणीच कुणाशी बोलत नाही, ते बसणं मला दुसऱ्या कुठल्या चित्रात दिसलं नाही. तुमच्या मित्रालाही तेच लागलं असेल.

पोरांना मोबाइलवर फोटो दाखवून हे कळणार नाही. गेरू बारीक कुटून जवसाच्या तेलात कालवा, दोन फरशा घ्या, एकीवर पातळ थर देऊन कडा बोटानं पुसून पुसून मिटवायला सांगा, दुसरीवर जाड सलग लावून कडा तशीच ठेवायची. वाळायला काही दिवस लागतील, तोवर रोज बोट लावून पाहू द्या.