आधी उचल, मग बोल

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. पुढच्या गाडीच्या खिडकीतून बाटली बाहेर आली, तू हॉर्न वाजवलास, सिग्नलला उतरून त्या चालकाशी हुज्जत घातलीस आणि त्याने निमूटपणे काच वर केली. असल्या माणसांपुढे करायचे तरी काय, असे तू विचारतोस. एवढ्या सगळ्या हकिगतीत एकच गोष्ट मला सापडली नाही: ती बाटली शेवटी उचलली कोणी?

तुझा संताप रास्त आहे, पण आधी उचल, मग बोल. 'दुसऱ्याची घाण मी का काढू' हे पालुपद मला पाठ आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे उभ्या सायकलींच्या हँडलला पत्रके अडकवली होती. समोरची भिंत स्वच्छ असताना 33 टक्के लोकांनी पत्रक तिथेच टाकून दिले, तर तीच भिंत रंगाने गिरगटलेली असताना 69 टक्के लोकांनी. माणसे तशीच होती, बदलली होती फक्त भिंत. तू उचललेली बाटली मागून येणाऱ्या चालकाशी बोलते; तुझी हुज्जत मात्र त्या एका बंद काचेपाशी संपते.

आणि उचलताना नीट पाहा. सिगारेटचे थोटूक कापसासारखे दिसते, पण त्यातला फिल्टर बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो, आणि पावसाबरोबर तो नाल्यात जातो. तिरकी पडलेली रिकामी बाटली उजेडाकडे धर. आत शिरलेल्या उंदराला गुळगुळीत काचेवरून परत चढता येत नाही, म्हणून कधी कधी तळाशी बारीक हाडे आणि केस दिसतात. 'फळाची सालच तर आहे, कुजून जाईल' म्हणणाऱ्यांची मला विशेष चीड येते, कारण त्या सालीमागे उंदीर रस्त्याकडेला येतात, उंदरांमागे घुबडे येतात आणि जमिनीलगत उडताना वाहनांवर आदळतात.

मी उचलतो म्हणून टाकणारे सोकावतात, असे मला तोंडावर ऐकवले गेले आहे. अरे, टाकणारा मागे वळून पाहतो कुठे? तो केव्हाच पुढचे वळण ओलांडून गेलेला असतो. या हट्टापायी एक जुना स्नेही दुरावला, कारण त्याने फेकलेले पाकीट मी उचलून त्याच्याच मांडीवर ठेवले होते. त्याची चुटपुट अजून आहे. पुन्हा तसे घडले, तर मांडीवर नाही, पण त्याच्या गाडीत ते नक्की ठेवीन.

तक्रार करायची तर जरूर कर. इंग्लंडमध्ये 2018 पासून लंडनबाहेरही, फेकणारा नेमका कोण हे न ठरवता, वाहनाची नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याला दंड करता येतो. पण गाडीचा क्रमांक टिपून घेतला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानू नकोस. आधी उचल.

मात्र वेगाच्या महामार्गावर यासाठी कधीही थांबू नकोस. लहान रस्त्यावर जाड हातमोजे घाल, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चाल, आणि पिवळसर द्रव भरलेली बाटली दिसली तर तिचे झाकण उघडू नकोस. आत तुला शंका येते तेच असते. एक पोते भरले की टाकणाऱ्यांविषयी हवे तेवढे लांब पत्र लिही, मी सविस्तर उत्तर देईन.

तुझा हितचिंतक