विचारा तर खरं : ‘पुन्हा या’ न म्हणणारं दुकान

(या अंकात उत्तरं देताहेत लातूरचे एक दुकानदार. गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर 27 वर्षं त्यांचं मयतीच्या सामानाचं दुकान आहे. नाव छापू नका म्हणाले. “नाव वाचलं की लोक पान उलटतील.”)

गिऱ्हाईक निघताना तुम्ही काय म्हणता? ‘या पुन्हा’ म्हणता का?
– एक वाचक, उदगीर

एकदाच म्हणालो. वडिलांनी गल्ल्यावर नुकतंच बसवलं होतं. त्याआधी मी मामाच्या कापड दुकानात होतो, तिथली जीभ वळलेली. एका माणसाला बांबू, कडबा, सुतळी, मडकं, गुलाल असं सगळं बांधून दिलं, सुट्टे परत केले आणि तोंडातून गेलं, “या मालक पुन्हा.” तो जागीच थिजला. वडील आतून धावत आले, त्याला हात जोडले आणि तो गेल्यावर माझ्याकडं बघून म्हणाले, “कापडाच्या दुकानात होतास तेच बरं होतं.”

तेव्हापासून मी नुसती मान हलवतो. या धंद्यात बांबू उचलणं सोपं, जीभ सांभाळणं अवघड. “बरं हाय का?” विचारता येत नाही, बरं असतं तर कशाला आला असता? “आज इकडं कुणीकडं?” तर त्याहून वाईट. मी एवढंच विचारतो, “माती किती वाजता हाय?” त्यावरून निम्मं घर कळतं. चारची असली तर पोरगा पुण्याहून निघालाय. अकराची असली तर सगळे घरीच आहेत आणि भांडणं दहाव्यानंतर सुरू होतील.

दुकानाच्या पाटीवर फक्त ‘सर्व सामान मिळेल’ असं लिहिलंय. कसलं ते लिहिलं नाही. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. नवख्यांना मी सांगतो, सतरावा विचारा, कुणीही माझ्या दुकानी आणून सोडेल.

अशा वेळी कुणी भाव करतं का?
– अंबाजोगाई

घरचे करत नाहीत. भाऊकीतला एक असतो, तो करतो, आणि मोठ्यानं करतो. आपण किती कामाचे हे चार लोकांना दिसावं म्हणून. “सुतळी एवढी लागत नाय, माझ्या डोळ्यासमोर धा मयती बांधल्यात!” मी सुतळीचे पाच रुपये कमी करतो आणि गुलालात घेतो. त्याचाही मान राहतो.

खरा भाव मी एकदाच ऐकला. 2016 चा एप्रिल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या आठवड्यात एका म्हातारीच्या मातीचं सामान न्यायला तिची सून स्वतः आली. मडकी बघितली, एक हातात तोललं आणि म्हणाली, “बारकं द्या भाऊ. तीन फेऱ्यांत घागरभर पाणी सांडतंय. आत्याबाईनंच मला शिव्या घातल्या असत्या.” मी बारकं दिलं, पैसे तेवढेच घेतले. नंतर वाटलं, कमी घ्यायला पाहिजे होते.

उधारीचं विचारू नका. तेरवीपर्यंत मागता येत नाही, तेरवीनंतर म्हणतात “आत्ताच तर कार्याचा खर्च झाला.” फोन करावा तर कुणी उचलत नाही. लोकांच्या मोबाइलात माझा नंबर ‘मयत दुकान’ असा आहे. स्क्रीनवर ते नाव आलं की धडधाकट माणूससुद्धा फोन बाजूला ठेवतो.

भुताखेतांची भीती वाटत नाही?
– निलंगा

माल परत करायला आजवर कुणी आलं नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. तुमच्या व्यवसायाला जीएसटी आहे का?
– परभणी

अंत्यविधी, दहन, दफन, शवागार आणि मयत नेण्याची गाडी या सेवा 2017 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत टाकल्यात. म्हणजे तो ‘पुरवठा’ धरतच नाहीत. वैकुंठरथ चालवणारा माझा मित्र म्हणतो, मी दिवसभर गाडी पळवतो आणि सरकारच्या मते मी काहीच करत नाही. सामानाचं खातं वेगळं, ते आमचे सीए बघतात.

पण तुम्ही वाणिज्यवाले म्हणून सांगतो. दुकान वाढवायला एका बँकेत कर्ज मागायला गेलो. साहेब नवीन होते. फॉर्मात रकाना होता, पुढच्या तीन वर्षांत विक्री किती वाढेल? मी म्हणालो, “साहेब, हे मी माझ्या हातानं कसं लिहू?” त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “स्थिर राहील, असं लिहा.” कर्ज मिळालं.

तुमच्याकडे फक्त हिंदूंचंच सामान असतं का?
– बसवकल्याण रोड, उमरगा

लातुरात तसं चालेल होय? कफनाचं कापड पुरुषाला तीन तुकडे, बाईला पाच. ते मी झोपेतही मोजून देतो. लिंगायत बसवून नेतात आणि पुरतात, त्यांना विभूती लागते, तिरडी नाही. एकदा नवीन पोरानं त्यांच्यासाठी बांबू काढून ठेवले. त्या घरचे आजोबा म्हणाले, “लेकरा, आमचा माणूस बसून जातोय. झोपून घालवायला आयुष्य होतं की.”

बांबूवरून आठवलं. आमचा बांबूवाला एकच, तो मंडपवाल्यांनाही देतो. गाडीला हात लावायच्या आधी विचारतो, “मांडवाला का मातीला?” कारण कापायची लांबी वेगळी.

मृत्यूचा दाखला तुमच्याकडेच मिळतो का?
– हिंगोली

नाही हो. स्मशानातली पावती म्हणजे दाखला नव्हे. नोंद 21 दिवसांत करायची. दवाखान्यात वारले तर दवाखाना कळवतो, घरी वारले तर घरच्यांनी कळवायचं. लोक दहाव्याला कावळा शिवायची तासन्‌तास वाट बघतात आणि नोंदीला दोन महिन्यांनी जातात.

स्वतःसाठी आधीच सामान घेऊन ठेवणारं कुणी भेटलं का?
– औसा

तुमच्याच गावाकडचे एक माळकरी आबा आहेत. नऊ वर्षं झाली, दर आषाढीनंतर पंढरपूरहून परतताना दुकानी थांबतात. बांबू हातानं वाजवून बघतात. “वाळकं ठेव. मागं एकाला वलं दिलंतास, खांदेकऱ्यांचे खांदे गेले.” कडब्याचा भाव विचारतात, महाग झाला म्हणतात. तिसऱ्या वर्षी मी गमतीनं म्हणालो, “आबा, काही ॲडव्हान्स देऊन ठेवा की.”

“नगं,” म्हणाले. “पैसे दिले की तुला घाई हुईल.”

यंदाही आले होते. बांबू वाजवला, चहा घेतला, कडबा महागलाय म्हणाले आणि औशाची गाडी पकडायला गेले. त्यांना मात्र मी “या आबा पुन्हा” म्हणतो.