अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचंय, तयारी कधीपासून करू?

ऑक्टोबरच्या मोसमासाठी हालचाल हिवाळ्यातच हवी, कारण टॅगच्या (एक प्राणी मारण्याच्या परवान्याच्या) ड्रॉचे, म्हणजे सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या प्रशिक्षणाचा) दाखला लागतो, तो आधी मिळवा. पहिल्या पसंतीला नंबर लागला नाही, तरी प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे पुढच्या वर्षांच्या सोडतीत प्राधान्य देणारा गुण, जमा होतो. म्हणून पहिल्याच वर्षी नावाजलेल्या युनिटचा (शिकारीच्या विभागाचा) हट्ट नको.

एच-१बी व्हिसावर असाल तर कळकळीने सांगतो, शिकारीचा वैध परवाना मिळाल्याशिवाय मित्राचीही बंदूक हातात घेऊ नका, केंद्रीय कायद्याने तो गंभीर गुन्हा ठरू शकतो.

रायफलच्या मोसमात कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा लागतो, डोक्यावरची टोपीही त्याच रंगाची.