ऑटिस्टिक मूल मोजकेच पदार्थ खात असेल तर त्याचा आहार कसा वाढवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहा वर्षांचा, ऑटिस्टिक. पांढरा भात, कोरडा टोस्ट, साध्या नूडल्स, बटाट्याचे वेफर्स, केळं, एकाच कंपनीची बिस्किटं आणि दूध, एवढंच घेतो. दूध दिवसाला लिटरभर. आधी अंडं आणि सफरचंद खायचा, तेही वर्षभरात सुटलं. शाळेतून डबा तसाच परत येतो. आणि घरातले म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल.

उपाशी ठेवू नका. इतर मुलांच्या बाबतीत हा सल्ला कधी खपून जातो, इथे तो धोक्याचा आहे. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना पोटातली भूक ‘भूक’ म्हणून नीट कळतच नाही. पोटात काहीतरी होतंय एवढंच जाणवतं आणि ते चिडचिडीतून बाहेर पडतं. शिवाय नको असलेला पदार्थ त्यांना नुसता बेचव लागत नाही, तो खाण्याजोगाच वाटत नाही. त्यामुळे ती खरोखरच उपाशी राहतात. मग अंगातलं पाणी कमी होतं, साखर उतरते आणि जेवणाच्या टेबलाची धास्ती बसते ती वेगळीच.

त्याच्या यादीकडे नीट बघा. बिस्किट काल जसं होतं तसंच आज आहे: तोच रंग, तोच कुरकुरीतपणा, तीच चव. सफरचंदाचं तसं नसतं. एक गोड, दुसरं आंबट, तिसरं पिठूळ. ज्या मुलाला चव, वास आणि पोत आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात, त्याला प्रत्येक फोड म्हणजे नवा जुगार. तो नखरे करत नाही, भरवशाचं तेवढं धरून ठेवतो. खाणं इतकं आक्रसलं की वजनावर किंवा पोषणावर परिणाम होऊ लागतो, तेव्हा त्याला वैद्यकीय निदानही आहे. 2013 पासून ते ‘आर्फिड’ या नावाने निदानांच्या अधिकृत यादीत आहे. डॉक्टरांकडे हा शब्द उच्चारायला कचरू नका.

नवीन पदार्थांच्या मागे लागण्याआधी दुखणं शोधा. अंडं आणि सफरचंद सुटलं त्याला कारण असू शकतं. दात किडला असेल तर सफरचंद चावताना कळ येते आणि हे त्याला सांगता येत नाही. अंडं खाल्ल्यावर तोंडाला खाज किंवा उलटी व्हायची का, तेही आठवून बघा, ती ॲलर्जी असू शकते. आम्लपित्त, सुजलेले टॉन्सिल्स आणि सगळ्यात जास्त वेळा बद्धकोष्ठ, ही नेहमीची कारणं. आतडं भरलेलं असलं की भूक मरते. चड्डीला पातळ शी लागत असेल तर ते जुलाब आहेत असं धरून चालू नका. अडकलेल्या कडक शीच्या बाजूनेही पातळ शी झिरपते. बद्धकोष्ठावर औषध सुरू झालं की काही मुलांचं खाणं आपोआप सुधारतं. आणि तो काही औषधं घेत असेल तर तेही सांगा: मिथाइलफेनिडेटने भूक कमी होते, रिस्पेरिडोनने वाढते.

रक्ततपासणीत नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. सोबत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), ‘ड’ आणि बी 12 जीवनसत्त्व बघायला सांगा. ताप-सर्दी असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून तो बरा असताना रक्त द्या.

आता दूध. तुमच्या पूर्ण प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. लिटरभर दुधातून सहाशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेचा निम्म्याजवळ जाणारा वाटा. मग भूक लागणार कुठून? दुधात लोह नावापुरतंच असतं आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाचं शोषणही कमी करतं. पण दूध एकदम बंद करणं ही दुसरी चूक. त्याचं प्रथिन, कॅल्शियम, बी 12 आणि ‘अ’ जीवनसत्त्व आज मुख्यतः तिथूनच येतंय. दर तीन-चार दिवसांनी दिवसाच्या एकूण दुधातून 50 मिलि कमी करा. साधारण पाच आठवड्यांत तो 500 मिलिवर येईल, तिथे थांबा. तेवढ्यातूनही सुमारे 600 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. पेला तोच ठेवा, पाणी घालून चव बदलू नका, फक्त भरताना थोडं कमी भरा. दूध जेवणाच्या आधी नको, जेवणानंतर किंवा मधल्या खाण्यासोबत द्या. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. वजन उतरायला लागलं तर दूध कमी करणं थांबवा आणि आहारतज्ज्ञाशी बोला.

दिवसभर अधूनमधून तोंडात काही ना काही जात असेल तर तेही थांबवायला हवं. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, प्रत्येकात अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. भूक कळत नसेल तर घड्याळ आणि चित्रांचा तक्ता ते काम करतात. जेवण 20 ते 30 मिनिटांत संपवायचं. त्यानंतर ओढत नेलं तर पोटात फारसं जात नाही, कटकट तेवढी वाढते. बसण्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं, पण पाय लोंबकळत असतील तर मुलाची बरीच शक्ती तोल सांभाळण्यात जाते. पायाखाली पाट किंवा खोकं ठेवा, गुडघे काटकोनात यावेत, टेबल कोपराच्या उंचीला असावं.

कामाची वाटणी सरळ ठेवा. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे तुमच्या हातात, त्यातलं किती खायचं हे त्याच्या. प्रत्येक वेळी ताटात भरवशाचा निदान एक पदार्थ असलाच पाहिजे. ‘एकच घास’, ‘आईसाठी खा’, नाक दाबून भरवणं, समोर मोबाईल धरून तोंड उघडलं की चमचा सारणं, हे सगळं बंद. दडपणाखाली गेलेला घास आज पोटात जातो आणि तो पदार्थ उद्याच्या यादीतून जातो.

त्याच कारणाने आवडत्या पदार्थात गुपचूप काही मिसळू नका. भातात भाजी वाटून घातली आणि ती त्याला कळली (बहुतेक वेळा कळतेच), तर भाजी तर गेलीच, भातही जाईल. सात पदार्थांतला एक गमावणं तुम्हाला परवडणारं नाही. जे कराल ते त्याला दाखवून करा.

यादी वाढवायची ती त्याच्या ओळखीच्या पदार्थापासून, एका वेळी एकच गोष्ट बदलत. आकार, रंग, चव, पोत, तापमान, कंपनी यांपैकी एकच. सुटलेले पदार्थ परत आणणं अगदी नव्यापेक्षा सोपं असतं, म्हणून अंड्यापासून सुरुवात करू, अर्थात ॲलर्जी नाही हे पक्कं झाल्यावर. तो टोस्ट खातो. पहिल्या टप्प्यात फक्त आकार बदला, नेहमी चौकोनी देत असाल तर बोटाएवढ्या पट्ट्या कापा. पट्ट्या निवांतपणे खाल्ल्या जाऊ लागल्या की एका पट्टीच्या एकाच बाजूला पाव चमचा फेटलेलं अंडं बोटाने फासा आणि तव्यावर पूर्ण कोरडी होईपर्यंत भाजा. बाकीच्या पट्ट्या नेहमीसारख्या. अंड्याची पट्टी वेगळी ओळखू यावी, त्याची फसगत होता कामा नये. पुढे दोन्ही बाजूंना, मग अर्ध्या स्लाइसला, मग अख्खी स्लाइस अंड्यात बुडवून, असं जायचं. अंडं ओलसर राहिलं तर पोत लिबलिबीत होतो आणि इथेच बहुतेकांचा डाव फसतो. माझा हिशेब असा: एक टप्पा तीन वेगवेगळ्या दिवशी कुरकुर न करता खाल्ला गेला की पुढे जायचं, आणि नाकारला तर एक पायरी मागे. पूर्ण अंड्यापर्यंत पोचायला महिनेही लागतील, ते गृहीत धरा.

रोज तोच पदार्थ, त्याच ताटलीत, तसाच, असं वर्षभर चाललं की एक दिवस मूल त्याला विटतं आणि तो कायमचा सोडतं. म्हणून भरवशाच्या पदार्थांतही बारीक फेरफार चालू ठेवा: कधी वाटी वेगळी, कधी केळ्याच्या चकत्या, कधी उभे काप. बिस्किटांचं वेष्टन कंपनी कधीही बदलू शकते. आत्तापासून अधूनमधून बिस्किटं साध्या डब्यातून द्या.

ज्या पदार्थाला तो अजिबात शिवत नाही, त्यासाठी शेजारी एक छोटी ताटली ठेवा. तिच्यावर वाटाण्याएवढा तुकडा. ही ताटली खाण्यासाठी नाहीच, ओळख करून घेण्यासाठी आहे, आणि हे त्याला तसंच सांगा. पहिल्या पायरीला ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला असली तरी चालेल. मग जवळ, मग चमच्याने ढकलणं, बोट लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, जिभेला लावणं, चावून थुंकणं, आणि शेवटी कधीतरी गिळणं. थुंकण्यासाठी वाटी शेजारीच असू द्या. थुंकायची मुभा असली की तोंडात घालायचं धाडस होतं. बोलताना ‘खाऊन बघ, छान आहे’ असं म्हणू नका, वर्णन करा: ‘हे गार आहे’, ‘हे चावलं की आवाज येतो’. पाच मिनिटं पुरे, आणि तेही मधल्या खाण्याच्या वेळी, तो दमलेला नसताना. सर्वसाधारण मुलांनाही नवा पदार्थ पसंत पडायला आठ-दहा ते पंधरा वेळा समोर यावा लागतो. इथे त्याहून बराच जास्त वेळ धरा. ओकारीची उबळ आली तर शांतपणे ताटली दूर करा, त्या दिवसापुरतं संपलं.

हे सगळं जमेपर्यंत पोषणाची खिंड औषधाने लढवावी लागते आणि त्यात कमीपणा काही नाही. 2013 मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ऑटिस्टिक मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी पाचपट आढळल्या, आणि आहारात कॅल्शियम व प्रथिनं कमी पडत होती. तुमच्या मुलाच्या यादीवरून मला लोह, जस्त, ‘ड’ जीवनसत्त्व आणि तंतुमय पदार्थ यांची काळजी वाटते. ‘क’ जीवनसत्त्व केळ्या-वेफर्समधून थोडंफार येतंय, पण ते सुटले तर जवळपास काहीच उरणार नाही. असंच खाणं आक्रसलेल्या ऑटिस्टिक मुलांमध्ये स्कर्व्ही झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. त्यात मूल लंगडायला लागतं किंवा चालायलाच नकार देतं, आणि सगळे हाडांच्या तपासण्या करत बसतात.

मल्टिव्हिटॅमिन घेताना वेष्टनावरची यादी वाचा. चघळायच्या मऊ गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांत लोह नसतंच. लोहाचं औषध दुधासोबत देऊ नका, आणि मात्रा डॉक्टरांचीच. जास्त झालेलं लोह मुलांच्या जिवावर बेतू शकतं, बाटली कुलपात ठेवा. ‘अ’ आणि ‘ड’ शरीरात साठतात, म्हणून दोन-तीन टॉनिकं एकत्र नकोत. औषधाची चवही टप्प्याटप्प्यानेच: पहिल्या दिवशी जिभेला एक थेंब. पूर्ण मात्रा दुधात ओतलीत तर दूधही हातचं जाईल.

ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) आणि दूध दोन्ही बंद केल्याने ऑटिझम सुधारतो असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्याला भक्कम पुरावा नाही. सात पदार्थ खाणाऱ्या मुलाचा टोस्ट, नूडल्स, बिस्किटं आणि दूध काढून घेतलं तर काय उरतं ते मोजून बघा. सिलिॲक रोग (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) किंवा ॲलर्जी तपासणीत सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

वजन उतरणं, उंची-वजनाच्या तक्त्यावरच्या रेषा ओलांडून खाली येणं, खाताना-पिताना ठसका किंवा आवाज घोगरा-ओला होणं, वारंवार न्यूमोनिया, हिरड्यांतून रक्त, पाय दुखणं, अंधुक उजेडात धडपडणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी प्रयोग करत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. गिळण्याची अडचण असेल तर त्यातला अनुभव असलेला स्पीच थेरपिस्ट लागतो, बसणं आणि स्पर्शाच्या अडचणींसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. त्याने पाणी-दूधही घेणं बंद केलं, आठ-दहा तास लघवी झाली नाही किंवा तो मलूल पडला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माती, खडू, कागद असं खात असेल तर लोह आणि शिसं दोन्ही तपासा. बटण-सेल किंवा लोहचुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी तातडीने रुग्णालयात न्या.

राहिला डबा. शाळेतला गोंगाट, चाळीस डब्यांचे वास आणि घाई यांत खाणं त्याच्यासाठी सगळ्यात अवघड असतं, म्हणून डब्यात फक्त भरवशाचे पदार्थ द्या, नवं काहीही नको. डबा कप्प्यांचा हवा, एका पदार्थाचा ओलावा दुसऱ्याला लागता कामा नये. झाकण त्याला स्वतःला उघडता येतं का ते घरी बघा. बाईंना दोनच गोष्टी सांगा: ‘संपव’ म्हणून मागे लागू नका, आणि शक्य असेल तर त्याला दहा मिनिटं आधी शांत कोपऱ्यात बसू द्या. एवढं करूनही डबा तसाच आला तर रागावू नका. निघण्याआधी घरी पोटभर खाणं आणि परतल्यावर पंधरा मिनिटांत ताट समोर, असं वेळापत्रक लावा.